प्रोसेसरचा वेग कसा वाचायचा आणि इंटेल-एएमडीची तुलना कशी करायची: पहिल्यांदा मशीन घेणाऱ्यांसाठी

सोयाबीन विकून पैसे हातात आले की विदर्भातल्या गावागावांतून दोन प्रकारची माणसं कॉम्प्युटर घ्यायला निघतात. एक, मुलाला इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला पाठवणारे. दुसरी, गावात आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्स किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकणारी. दोघांनाही यवतमाळ, अमरावती किंवा सीताबर्डीच्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "आय फाइव्ह आहे ना भाऊ, मंग काय पायजे आणखीन?" पाहिजे बरंच काही. नुसतं "आय५" किंवा नुसतं "४.४ गिगाहर्ट्झ" यावरून मशीन वेगवान आहे की नाही हे कळत नाही, आणि इंटेल व एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांची तुलना तर मुळीच होत नाही. ती कशी करायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

जवळ काय लागेल

- प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरासकट
- मोबाइलवर इंटरनेट. इंटेल आणि एएमडीच्या अधिकृत साइटवरची प्रोसेसरची माहिती उघडण्यासाठी
- एक पेनड्राइव्ह, त्यात सीपीयू-झेड (प्रोसेसर ओळखणारा प्रोग्रॅम), एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारा), सेव्हन-झिप (फाइली झिप करणारा) आणि सिनेबेंच आर२३ (वेग मोजणारा). चारही फुकट मिळतात. घरूनच उतरवून न्या, दुकानातल्या वायफायच्या भरवशावर राहू नका
- तुमच्या रोजच्या कामाची एक-दोन फाइल: मोठी पीडीएफ, एक्सेल, फोटोंचा फोल्डर, जे असेल ते
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच, वही आणि पेन

१. आधी पूर्ण नंबर मागा

कोटेशनवर "इंटेल आय५, ८ जीबी, ५१२ एसएसडी" एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत द्या. आय५ या नावाखाली २००९ पासून आजवर कितीतरी प्रोसेसर विकले गेले, त्यातला जुना आणि नवा यांत वेगाचा फरक कित्येक पटींचा आहे. तुम्हाला हवं आहे ते असं: इंटेलचा "कोअर आय५ १२३५यू" किंवा एएमडीचा "रायझेन ५ ७५३०यू". आकडे आणि शेवटचं अक्षर, दोन्ही.

मशीन समोर चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) क्लिक केलं की उजवीकडे वर पूर्ण नाव, खाली बेस स्पीड, कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) आणि लॉजिकल प्रोसेसर (म्हणजे थ्रेड, एका वेळी चालू शकणारी कामं) यांची संख्या दिसते. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) ही कमांड द्या.

इथला सापळा सेकंडहँड बाजारातला आहे. विंडोजच्या सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींतून) बदलता येतं. म्हणून जुन्या मशीनवर सीपीयू-झेड चालवा. ते नाव थेट चिपला विचारतं, आणि नावासोबत कोअर, कॅश (चिपच्या आतली छोटी वेगवान मेमरी) आणि चिपचं कोडनेमही दाखवतं. हे सगळं अधिकृत साइटवरच्या माहितीशी जुळतं का ते तिथेच उभं राहून पाहा.

२. गिगाहर्ट्झ कशाचं माप आहे ते समजून घ्या

१ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. प्रोसेसर त्या ठोक्यावर काम करतो, पण प्रत्येक ठोक्याला किती काम उरकतो हे त्याच्या आतल्या रचनेवर ठरतं. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं यावरून एकरभर नांगरट किती वेळात होईल हे सांगता येत नाही, तसंच हे आहे. खरा वेग काढायला दोन आकडे गुणावे लागतात: सेकंदाचे ठोके आणि दर ठोक्याला पार पडणाऱ्या सूचना.

समजा एक प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ठोक्याला सरासरी ४ सूचना पार पाडतो. दुसरा ४ गिगाहर्ट्झवर चालतो, पण ठोक्याला अडीचच. पहिला सेकंदाला १,२०० कोटी सूचना उरकतो, दुसरा १,००० कोटी. खोक्यावर मात्र दुसऱ्याचा आकडा मोठा छापलेला असतो. त्यात ठोक्यामागच्या सूचना कामागणिक बदलतात, म्हणून तो आकडा कोणतीच कंपनी खोक्यावर छापत नाही.

हा घोळ आजचा नाही. १९९६ च्या सुमारास सायरिक्स कंपनीने आपल्या चिपला पी१६६+ असं नाव दिलं. ती प्रत्यक्षात १३३ मेगाहर्ट्झवर (मेगाहर्ट्झ म्हणजे गिगाहर्ट्झचा हजारावा भाग) चालायची, म्हणणं असं की काम इंटेलच्या १६६ च्या पेंटियमइतकं करते. त्याच काळात एएमडीनेही आपल्या के५ चिपला असेच नंबर दिले: पीआर१३३ खरी १०० मेगाहर्ट्झची. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ आणला. त्याची आतली पाइपलाइन, म्हणजे एक सूचना पार पडण्याचे टप्पे, मुद्दाम २० टप्प्यांची लांब ठेवली होती, त्यामुळे ठोके भराभर वाढवता आले, पण दर ठोक्याचं काम कमी झालं. एएमडीने २००१ मध्ये अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ काढला, जो फक्त १,५३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. कंपनी म्हणायची की हा नंबर आमच्याच जुन्या अ‍ॅथलॉनशी तुलना करून दिला आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही तो पेंटियम ४ च्या १.८ गिगाहर्ट्झशी लावायचे, आणि कंपनीला त्याची काही हरकत नसावी.

पुढे पेंटियम ४ ची पाइपलाइन ३१ टप्प्यांवर गेली, चिप तापायला लागली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. ३.८ वर गाडी थांबली. त्याच वर्षापासून इंटेलनेही नावातून ठोक्यांचा आकडा काढून मॉडेल नंबर सुरू केले. २००६ मध्ये आलेला २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ त्या ३.८ वाल्याला सहज मागे टाकत होता.

म्हणून नियम असा धरा: गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या, एकाच अक्षराच्या प्रोसेसरमध्ये करायची. त्यापलीकडे तो आकडा विसरायचा. २०११ चा आय५ २४०० हा ३.१ गिगाहर्ट्झचा, चार कोअरचा. आय३ १२१०० हा ३.३ चा, तोही चार कोअरचा. कागदावर जवळजवळ जुळे भाऊ, पण एका कोअरच्या कामात दुसरा साधारण दुप्पट वेगाने चालतो.

३. बेस आणि बूस्ट हे दोन वेगळे आकडे आहेत

जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बूस्ट, म्हणजे "अप टू". हा वेग बहुधा एकाच कोअरला, थोड्या वेळासाठी, थंडावा आणि वीज पुरेशी असेल तेव्हाच मिळतो. एएमडीच्या स्वतःच्या व्याख्येतही कमाल बूस्ट म्हणजे एका कोअरला छोट्या झटक्यापुरता मिळणारा वेग. बेस म्हणजे ठरलेल्या विजेत, सलग कामात, कंपनी ज्याची हमी देते तो वेग.

आय५ १२३५यू पाहा. बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ. बेस मोठ्या (वेगवान) कोअरचा १.३, लहान (वीज वाचवणाऱ्या) कोअरचा ०.९. एवढी मोठी दरी आहे. या दोन टोकांच्या मध्ये तुमचं मशीन नेमकं कुठे चालेल हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते: तिने किती वॉट सोडले, पंखा केवढा दिला, तांब्याची नळी एक टाकली की दोन. या प्रोसेसरची बेस पॉवर १५ वॉट आणि कमाल टर्बो (बूस्टचं इंटेलचं नाव) पॉवर ५५ वॉट आहे. त्यामुळे एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप सलग कामात वीस-पंचवीस टक्के मागेपुढे असू शकतात. प्रोसेसरची तुलना करून झाली तरी लॅपटॉपची तुलना उरतेच.

वॉटचे आकडेही दोन कंपन्यांचे सरळ जुळत नाहीत. इंटेलच्या डेस्कटॉपवाल्या आय५ १२४०० वर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोत तो ११७ पर्यंत घेतो. एएमडीचा ६५ वॉटचा डेस्कटॉप रायझेन साधारण ८८ वॉटपर्यंत जातो. दोन्हींवर छापलेले ६५ वेगळ्या हिशेबाने आलेले आहेत. यूपीएस घेताना बेस धरू नका, कमाल आकडा धरा.

४. नंबर उलगडा

इंटेलचं जुनं, अजूनही सगळ्यात जास्त भेटणारं नाव: आय३, आय५, आय७ नंतर चार किंवा पाच आकडे. पाच आकडे असतील तर पहिले दोन पिढी सांगतात. १२३५यू सारखे चारच असले आणि सुरुवात १० ते १३ ने असली तर पहिले दोन पिढी. ४५७० सारखं असेल तर पहिला एकच आकडा पिढी, म्हणजे चौथी. पिढी आधी बघा, आय नंतरचा आकडा मागाहून. चौथ्या पिढीचा आय७ हा बाराव्या पिढीच्या आय३ पुढे टिकत नाही, तरी "आय७ आहे" म्हणून जास्त भावाने विकला जातो.

डिसेंबर २०२३ पासून इंटेलने "कोअर अल्ट्रा" हे नाव आणलं, आणि सोबत "आय" नसलेलं साधं "कोअर ५" सुद्धा. हे दोन एक नाहीत. कोअर ५ १२०यू ची रचना आधीच्या तेराव्या पिढीच्या यू मालिकेचीच आहे. नाव नवं, माल ओळखीचा. वाईट नाही, पण अल्ट्राचा भाव त्याला देऊ नका.

शेवटची अक्षरं:

- यू: कमी विजेचा, पातळ लॅपटॉपचा
- पी आणि एच: जास्त वीज, जास्त सलग वेग, जास्त उष्णता
- के: डेस्कटॉपचा, वेग वाढवता येणारा, आपल्या कामाला गरज नाही
- एफ: आतमध्ये ग्राफिक्स नाही
- एएमडीत जी: ग्राफिक्ससह डेस्कटॉप चिप

एफ हा असेंबल्ड पीसी घेणाऱ्यांचा नेहमीचा सापळा आहे. आय५ १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, घरी आणून मदरबोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर जोडला की स्क्रीन काळी. मशीन बिघडलेलं नसतं, चित्र दाखवणारा भागच त्यात नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात. जी नसलेल्या रायझेन ५ ५६०० चंही हेच.

एन अक्षरावर जरा थांबा. इंटेल एन१०० मध्ये चारही कोअर लहान, वीज वाचवणारे आहेत. बिलं काढायला आणि फॉर्म भरायला चालतो. पण आय३ एन३०५ हा नावाला आय३ असून त्यातले आठही कोअर लहानच आहेत. "आठ कोअरचा आय३" म्हणून तो समोर ठेवला जातो, त्याला आय३ १२१५यू च्या रांगेत बसवू नका. आणि सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर २.८ गिगाहर्ट्झ लिहिलेला असला तरी आजच्या ब्राउझरला अपुरा पडतो. तो भाव कितीही कमी असला तरी घेऊ नका.

एएमडीच्या लॅपटॉप नंबरात खरी मेख आहे. ७००० मालिकेत पहिला आकडा विक्रीच्या वर्षाचा आणि तिसरा आकडा आतल्या रचनेचा (एएमडी तिला झेन म्हणते, पुढचा आकडा मोठा तितकी ती नवी): २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३ किंवा ३+, ४ म्हणजे झेन ४. म्हणजे रायझेन ५ ७५२०यू हा २०२३ च्या मालिकेत विकला गेलेला, पण गाभा २०१९ मध्ये आलेल्या झेन २ चा, कोअर चार. रायझेन ५ ७५३०यू मध्ये झेन ३ चे सहा कोअर. नंबरात दहाचा फरक, कामात मोठा. आधीच्या ५००० मालिकेतही असंच: ५५००यू झेन २, ५६००यू झेन ३.

आता एक जोडी सोडवून पाहू, कारण या दोन्ही जवळपास सारख्या भावात भेटतात: आय३ १२१५यू, ४.४ गिगाहर्ट्झ, आणि रायझेन ५ ७५२०यू, ४.३ गिगाहर्ट्झ. "रायझेन पाच आहे, आय तीनपेक्षा मोठा" असं सांगितलं जातं. आय३ मध्ये दोन मोठे आणि चार लहान कोअर, आठ थ्रेड. रायझेनमध्ये चार कोअर, आठ थ्रेड. गिगाहर्ट्झ जवळजवळ सारखेच, पण आय३ चे मोठे कोअर झेन २ पेक्षा दर ठोक्याला बरंच जास्त काम उरकतात, त्यामुळे पेज उघडणं, एक्सेल, टॅली या कामात आय३ पुढे. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो, आणि ती बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. आज ८ जीबी घेतलं तर ते कायमचं ८ जीबी. १२१५यू च्या बऱ्याच लॅपटॉपांत रॅमचा रिकामा स्लॉट असतो, तो आहे का एवढं विचारून घ्या. माझं मत आय३ ला. समोर ७५३०यू असता तर उलट दिलं असतं.

५. कोअर मोजताना कोणते कोअर ते विचारा

आय५ १२३५यू वर "१० कोअर" लिहिलेलं असतं. त्यात मोठे दोनच, आठ लहान. रायझेन ५ ७५३०यू मध्ये सहा, सगळे एकसारखे. दोघांचे थ्रेड १२. म्हणून दहा विरुद्ध सहा ही तुलनाच चुकीची. मोबाइलच्या "ऑक्टाकोअर" मध्येही हीच गंमत: हेलिओ जी८५ या मोबाइल चिपमध्ये आठपैकी सहा कोअर लहान आहेत.

कामानुसार असं पाहा. फॉर्म भरणं, टॅली, एक्सेल, वर्ड: एका कोअरचा वेग महत्त्वाचा. लग्नाचे व्हिडिओ, मोठ्या फाइलींचं झिप, प्रोग्रॅम कंपाइल करणं: सगळ्या कोअरचा एकत्रित वेग. जुलैत पीक विम्याच्या गर्दीत वीस टॅब, स्कॅनर आणि प्रिंटर एकदम चालवायचे असतील तर आधी रॅम, मग एका कोअरचा वेग, मग बाकी.

६. बेंचमार्कचे आकडे कसे वाचायचे

दोन कंपन्यांची तुलना करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग: दोघांना तेच काम द्या आणि वेळ मोजा. बेंचमार्क हेच करतो. पण त्यातही पथ्यं आहेत.

एकाच बेंचमार्कची एकच आवृत्ती धरा. सिनेबेंच आर२३ चे आकडे हजारांत येतात, सिनेबेंच २०२४ चे त्यामानाने फार लहान. दोन्ही शेजारी ठेवून "हा कितीतरी पट हळू आहे" म्हणणारे व्हिडिओ सापडतात. गीकबेंच ५ मध्ये आय३ ८१०० ला १,००० धरलं होतं, गीकबेंच ६ मध्ये आय७ १२७०० ला २,५०० धरलं आहे. दोन वेगळ्या पट्ट्या, त्यांचे इंच वेगळे.

सिंगल कोअर आणि मल्टी कोअर हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. जाहिरातीत जो मोठा दिसतो तोच ठेवतात.

पासमार्कचा सीपीयू मार्क हा लोकांनी आपापल्या मशीनवर चालवून पाठवलेल्या निकालांची सरासरी असते. अंदाजाला चांगला, पण कमी नमुने असलेल्या प्रोसेसरवर विसंबू नका, नमुन्यांची संख्या तिथेच लिहिलेली असते. गीकबेंच झटक्या-झटक्याने चालतो, त्यामुळे लॅपटॉप तापल्यावर किती मंदावतो हे त्यात नीट दिसत नाही. त्यासाठी सिनेबेंच. शास्त्रशुद्ध तुलनेसाठी उद्योगात स्पेक सीपीयू २०१७ वापरतात, पण तो विकत घ्यावा लागतो आणि तासन्‌तास चालतो. आपण त्याचे प्रसिद्ध झालेले निकाल वाचावेत इतकंच.

कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यांत "४० टक्के वेगवान" असं दिसलं की खालच्या बारीक अक्षरांत तीन गोष्टी शोधा: तुलना कोणत्या जुन्या मॉडेलशी, किती वॉटवर, आणि रॅम किती कुठली. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

दहा टक्क्यांच्या आतला फरक सोडून द्या. वापरताना तो जाणवत नाही, आणि एका रॅमच्या पट्टीऐवजी दोन लावल्या तरी काही कामांत, विशेषतः आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या, त्याहून जास्त फरक पडतो. म्हणजे ८ जीबीची एक पट्टी असलेलं मशीन आणि ४-४ च्या दोन असलेलं मशीन यांच्या आकड्यांची तुलना ही प्रोसेसरची तुलना राहत नाही.

स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप हा वेगळाच गट आहे, त्यांची चिप एआरएम नावाच्या वेगळ्या रचनेची असते. आकडे चांगले येतात, बॅटरी टिकते. पण नेहमीच्या इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. अंगठ्याचं यंत्र, जुना प्रिंटर, स्कॅनर यांचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर नसेल तर सेवा केंद्रासाठी ते मशीन बिनकामाचं. केंद्रवाल्यांनी यात पडू नये.

७. दुकानात स्वतः मोजा

दुकानदाराला आधी सांगा की अर्धा तास लागेल. डेमो पीस असेल तर बहुतेक जण हो म्हणतात. दोन्ही मशीनवर क्रम अगदी एकसारखा ठेवा.

१) चार्जर लावा. पॉवर मोड "बेस्ट परफॉर्मन्स" वर. बाकी प्रोग्रॅम बंद. नुकतंच चालू केलेलं मशीन पाच मिनिटं तसंच सोडा, मागे अपडेट चालू असतात.

२) एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सरसाठी उघडा. सीपीयूचं तापमान आणि वॉट लिहून ठेवा.

३) सिनेबेंच आर२३. फाइल मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड बेंचमार्क चालू केलं की किमान वेळेचा पर्याय दिसतो. आधी तो बंद ठेवून मल्टी कोअर एकदा चालवा, आकडा लिहा. मग १० मिनिटांवर ठेवून पुन्हा चालवा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी खाली आला तर ठीक. तीस टक्के घसरला तर त्या लॅपटॉपचं थंड करणं कमी पडतं आहे, मग आत प्रोसेसर कोणताही असो.

४) सेव्हन-झिपच्या टूल्स मेन्यूत बेंचमार्क. डिक्शनरी साइज आणि थ्रेड दोन्ही मशीनवर सारखे ठेवा. खाली येणारं एकूण रेटिंग लिहा.

५) तुमची स्वतःची फाइल. शंभर पानांची स्कॅन पीडीएफ लहान करणं, मोठं एक्सेल उघडणं. स्टॉपवॉच लावा. तीनदा करा, पहिली वेळ सोडून द्या, कारण पहिल्यांदा फाइल डिस्कवरून येते.

६) चार्जर काढा आणि तिसरी पायरी, फक्त छोटी, पुन्हा करा. काही लॅपटॉप बॅटरीवर बराच वेग सोडून देतात. ज्या गावात दिवसा वीज जाते तिथे हा आकडा चार्जरवरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा, पण कोणत्याच जाहिरातीत तो नसतो.

८. आपला उन्हाळा हिशेबात धरा

एसी लावलेल्या दुकानात २४ अंशाला मोजलेला आकडा टिनाच्या शेडमधल्या केंद्रात मे महिन्यात मिळत नाही. बाहेर ४५, आत ४२ असेल तर खोलीच दुकानापेक्षा १८ अंश जास्त तापलेली. त्याच कामात, त्याच पंख्यावर चिपचं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. लॅपटॉपच्या प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ ते १०५ अंशांच्या मध्ये असते. दुकानात दहा मिनिटांनंतर ७८ दाखवणारं मशीन घरी ९६ वर, म्हणजे मर्यादेच्या काठावर जाईल, आणि ९० दाखवणारं तर स्वतःला वाचवायला ठोके कमीच करेल. म्हणून दुकानात ९० च्या वर जाणारं मशीन चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे नेऊ नका. आपल्याकडे थोडा मंद पण कमी वॉटचा प्रोसेसर एप्रिल ते जून प्रत्यक्षात जास्त काम देतो, आणि हे कोणत्याही बेंचमार्कच्या तक्त्यात दिसत नाही.

कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावांत रुईचे तंतू पंख्यातून आत जाऊन तांब्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. हवा अडते, वेग घसरतो, आणि लोक "प्रोसेसर जुना झाला" म्हणतात. डेस्कटॉप दर तीन महिन्यांनी उघडून ब्लोअरने साफ करा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो भन्नाट फिरू दिला तर बेअरिंग खराब होतं. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदला. त्यानंतर सिनेबेंच पुन्हा चालवून वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून पाहा, म्हणूनच तो लिहून ठेवायचा.

९. दोष प्रोसेसरचा आहे का ते आधी तपासा

मशीन रेंगाळतं म्हणून नवीन घ्यायला निघाला असाल तर रेंगाळत असतानाच टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू २० टक्के असेल तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावा, काम झालं. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम वाढवा. सगळंच खाली असून पोर्टलचं चाक फिरत असेल तर पलीकडचा सर्व्हर किंवा तुमचं नेट, त्याला जगातला कुठलाही प्रोसेसर उपाय नाही. सीपीयूच सतत १०० वर चिकटलेला असेल तरच वरची सगळी उठाठेव कामाची.

१०. जुनं मशीन आणि बिल

ऑफिसांतून निघालेले चौथ्या पिढीचे आय५ डेस्कटॉप बाजारात ढिगाने येतात. आय५ ४५७०, ३.२ गिगाहर्ट्झ, चार कोअर. एसएसडी लावली तर टायपिंग-प्रिंटिंगला अजूनही चालतो. पण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी आणि रायझेन २००० मालिकेपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर लोकांचे आधार, पॅन आणि बँकेचे कागद हाताळायचे तिथे आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. घरी मुलाला टायपिंग शिकायला हवं असेल तर लिनक्स टाकून खुशाल वापरा.

बिलावर "लॅपटॉप १ नग" नको. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती आणि किती पट्ट्यांत, एसएसडीचा आकार, मशीनचा सीरियल नंबर आणि जीएसटी क्रमांक, एवढं लिहून घ्या. घरी आल्यावर खोकं फेकण्याआधी पुन्हा एकदा सीपीयू-झेड उघडून बिलावरच्या नंबराशी ताडून पाहा. फरक निघाला तर त्याच दिवशी स्क्रीनचा फोटो आणि बिल घेऊन परत जा. आठवडा उलटला की "तुम्हीच बदललं असेल" हे उत्तर ठरलेलं असतं.